रोमन कांस्य नाणी : सैनिकी चित्रांकन

प्राचीन रोमच्या बादशाही काळातील पितळ, तांबे व कांसे यांच्या नाण्यांवर सम्राट व सेना यांचा संबंध दर्शविणारी चित्रे. ऑगस्टसने इ. स. पू. २३ च्या सुमारास चलनाची घडी नव्याने बसविली, तेव्हा चांदीच्या दिनारियसचा चौथा हिस्सा म्हणून मुक्रर झालेला पितळी सेस्टर्शियस सुमारे २५ ग्रॅम वजनाचा व चांगला रुंद असल्यामुळे, साचा कोरणाऱ्यास त्यावर सबंध प्रसंग मांडण्याइतकी ऐसपैस जागा मिळे. कॅलिग्युलाच्या (इ. स. ३७–४१) एका सेस्टर्शियसवर तो चौथऱ्यावर उभा राहून, उजवा हात पुढे करून, ढाली व गरुडध्वज घेतलेल्या पाच शिपायांपुढे भाषण करीत आहे, पितळी नाण्यावर एरवी हटकून आढळणारी सीनेटच्या ठरावाची ‘एस सी’ ही अक्षरे येथे नाहीत. सम्राटाच्या ज्या प्रिटोरियन अंगरक्षक दलाचा असा सन्मान झाला, त्यातीलच अधिकाऱ्यांनी पुढे त्याचा खून केला. व्हेस्पेझ्यनने ७१ साली पाडलेल्या नाण्यांवर खजुरीखाली शोकमग्न बसलेली स्त्री हे जिंकलेल्या यहुदी मुलखाचे प्रतीक होय.

तिसऱ्या शतकात चलन हीन होत जाऊन सेस्टर्शियस नामशेष झाला. कॉन्स्टंटीनच्या अमदानीत, ३३० पासून, ट्रियरपासून अलेक्झांड्रियापर्यंतच्या टांकसाळींतून ‘ग्लोरिया एक्सेर्सितुस’ (सेनेची कीर्ती) या मुद्रालेखाची लहान नाणी निघाली. त्यांवर शिरस्त्राण घातलेले, भाला व ढाल धरलेले दोन सैनिक समोरासमोर उभे असून मध्ये दोन ध्वजदंड आहेत. तळाशी टांकसाळीची अक्षरे. सुमारे ३३५ नंतर वजन घटले व दोन दंडांच्या जागी एकच आला, त्यामुळे मुद्रालेख पुसलेल्या नाण्याचाही काळ नुसते दंड मोजून अजमावता येतो. सेनेच्या कीर्तीचा उद्घोष तेवढा पूर्ववत राहिला.

सुमारे ३४८ पासूनच्या, सुखाचे दिवस परतल्याची ग्वाही देणाऱ्या मालिकेत, कोसळत्या घोड्यावरील शत्रूस भाल्याने भोसकणारा रोमन सैनिक विशेष प्रचलित झाला; सुखाची ही कल्पना चमत्कारिक खरी, पण सरहद्दीवरील प्रजेस ती पटण्यासारखी होती. ब्रिटन व गॉलमध्ये या चित्राच्या ओबडधोबड नकला विपुल झाल्या. चौथ्या-पाचव्या शतकांतील रोमन तांब्याची नाणी तामिळनाडूत व श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडली असून, श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक नकलाही मिळाल्याने ती तेथे किरकोळ व्यवहारात चालत असावीत, असे नाणकशास्त्रज्ञ मानतात.