कुत्रा पाळण्याचा खर्च इन्कम टॅक्समधून वजा होतो का? शेतकरी, पोल्ट्रीवाल्यांसाठी नेमका नियम

शेतवस्तीवर कुत्रं नाही असं घर सापडणं अवघड. बिबट्या असो की चोर, पहिली चाहूल त्यालाच लागते. पण त्याचं खाणं, रेबीजची लस, गोचिडाचं औषध, डॉक्टरची व्हिजिट हा खर्चही दरवर्षी असतो. रिटर्न भरायच्या वेळी मग प्रश्न येतो, हा खर्च उत्पन्नातून वजा मिळतो का? उत्तर कुत्र्यावर नाही, तो कशाची राखण करतो यावर ठरतं.

घरचा कुत्रा
हौसेनं किंवा घराच्या राखणीसाठी पाळलेल्या कुत्र्याचा खर्च वैयक्तिक धरला जातो. तो वजा होत नाही. नोकरदारांनाही यात काही सवलत नाही. कलम ८०-डी मधील आरोग्य विम्याची वजावट माणसांसाठी आहे, कुत्र्याचा विमा त्यात बसत नाही.

शेताची राखण
शेतीचं उत्पन्न कलम १०(१) नुसार करमुक्त आहे. ज्या उत्पन्नावर करच नाही, त्यासाठी केलेला खर्च दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे फक्त मका किंवा ऊस राखणाऱ्या कुत्र्याचा खर्च दाखवून उपयोग नाही.

पोल्ट्री, शेळीपालन, गोदाम
इथे चित्र बदलतं. कोंबडीपालन शेतकरी करत असला तरी प्राप्तिकर कायद्यात ते शेती उत्पन्न नाही, धंद्याचं उत्पन्न आहे. शेळीपालनाचंही तसंच. शेडच्या राखणीला ठेवलेल्या कुत्र्याचं खाणं, लस, औषध हा खर्च कलम ३७(१) खाली मागता येतो. अट एकच, खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झालेला असावा. कुत्रा शेडही राखतो आणि घरही, तर धंद्यापुरता वाजवी हिस्साच दाखवावा.

राखणीचा कुत्रा मेला तर?
कुत्रा विकत घेतला तर ती किंमत भांडवली खर्च समजली जाते. ती त्याच वर्षी वजा होत नाही आणि जनावरांवर घसाराही मिळत नाही. मात्र धंद्यासाठी वापरलेलं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं, तर कलम ३६(१)(सहा) नुसार त्याची खरेदी किंमत, काही रक्कम परत आली असल्यास ती वगळून, वजा मिळते. म्हणजे शेडवरचा कुत्रा बिबट्यानं नेला तरी खरेदीची पावती हातात असेल तर मागणी करता येते. गावातलंच पिल्लू उचलून आणलं असेल तर खरेदी किंमत शून्य, त्यामुळे वजावटही शून्य.

इथे अनेकजण फसतात
छोटे व्यावसायिक बऱ्याचदा कलम ४४-एडी खाली रिटर्न भरतात. त्यात उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरला जातो. सगळा खर्च त्यातच आला असं मानतात. कुत्र्याचा खर्च वेगळा मागता येत नाही.

पिल्लं विकणाऱ्यांसाठी
ब्रीडिंग हा धंदाच आहे. पिल्लांच्या विक्रीचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि त्यावरचा खर्च वजा होतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही करावी लागते.

काय जपून ठेवावं?
- खरेदीची पावती, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरची आणि खाद्याची बिलं
- बिलं शक्यतो धंद्याच्या नावावर
- एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख देऊ नये, तो खर्च नाकारला जातो
- कुत्रा मेल्यास पशुवैद्यकाचा दाखला किंवा पंचनाम्याची प्रत

घरचा कुत्रा शेडवरचा म्हणून दाखवण्याचा मोह टाळलेला बरा. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्याचं सिद्ध झालं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. काही हजारांच्या बिलासाठी हा सौदा महागात पडतो.

वरील कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाल्यानं त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलतात. रिटर्न भरण्याआधी बिलं घेऊन आपल्या सीएला किंवा कर सल्लागाराला एकदा दाखवावीत.