पाळक एक, मंडळ्या अनेक: छोटं मराठी चर्च नेमकं कोण चालवतं?

उल्हासनगर म्हटलं की सिंधी बाजारपेठ आठवते, अंबरनाथ म्हटलं की इसवी सन १०६० मधलं शिवमंदिर आणि बदलापूर म्हटलं की सकाळची खच्चून भरलेली लोकल. फाळणीनंतर आलेले निर्वासित, कारखान्यांतले कामगार आणि परवडणारं घर शोधत सरकत आलेली मुंबईकर कुटुंबं यांनी ही तिन्ही शहरं वाढवली. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५.०६ लाख, अंबरनाथची २.५३ लाख आणि कुळगाव-बदलापूरची १.७४ लाख होती.

या गर्दीत मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबंही राहतात. त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहेत. त्यात कॅथलिक वगळले, इंग्रजी-मल्याळम-तमिळमधून उपासना करणारे वगळले, की उरतात त्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या. 'मंडळी' हा इथे खास शब्द आहे. त्याचा अर्थ इमारत नव्हे, तर एकत्र उपासना करणारी माणसं.

अशी मंडळी अनेकदा काही डझन कुटुंबांची असते. तिला पूर्णवेळ पाळक मिळेलच असं नाही. मग दर रविवारी भक्ती होते कशी? हिशेब कोण ठेवतं? आणि कुणी आजारी पडलं तर धावून कोण जातं?

बिशप असलेलं चर्च म्हणजे काय?

सगळी चर्च एकसारखी नसतात. कॅथलिक चर्चचे सर्वोच्च प्रमुख पोप असतात. स्वतंत्र पेंटेकोस्टल चर्चमध्ये बहुतेक वेळा स्थानिक पास्टरच सर्वेसर्वा असतात. या दोन्हींहून वेगळा तिसरा प्रकार म्हणजे अँग्लिकन परंपरा. इथे पोप नाहीत, पण बिशप आहेत. बिशप आचार्यांना दीक्षा देतात आणि आचार्य मंडळीची जबाबदारी घेतात. बिशपांवर आधारलेल्या या रचनेमुळेच अमेरिकेत या परंपरेच्या चर्चला एपिस्कोपल चर्च म्हणतात. ग्रीक भाषेतल्या 'देखरेख करणारा' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं.

मुंबईशी या परंपरेचं नातं जुनं आहे. फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जाता येई तो चर्चगेट, आणि त्यावरूनच स्टेशनचं नाव पडलं. १८३७ मध्ये मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाला आणि थॉमस कार हे त्याचे पहिले बिशप झाले.

आज भारतात स्वतंत्र अँग्लिकन चर्च जवळपास उरलेलं नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' म्हणजे सीएनआय तयार झालं. अँग्लिकनांबरोबर त्यात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचं युनायटेड चर्च होतं, तसेच बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्टही होते. या एकीची बोलणी १९२९ पासून सुरू होती. अमेरिकन परंपरेचं मेथॉडिस्ट चर्च मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिलं. त्यामुळे महाराष्ट्रात आजही मेथॉडिस्ट आणि सीएनआय अशी दोन वेगळी चर्च दिसतात.

एकत्र येताना प्रत्येकाने थोडं सोडलं. बिशपांची व्यवस्था अँग्लिकनांकडून आली. बाप्तिस्मा बाळपणी द्यायचा की जाणत्या वयात, या जुन्या वादावर सीएनआयने दोन्ही पद्धती मान्य करून तोडगा काढला. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर असे या चर्चचे धर्मप्रांत आहेत.

मराठी मंडळी आली कुठून?

मराठी प्रोटेस्टंट समाजाची मुळं मुख्यतः अहमदनगर, जालना, सोलापूर, पुणे अशा भागांत आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन आणि अँग्लिकन मिशन यांनी तिथे शाळा, दवाखाने आणि मंडळ्या उभ्या केल्या. ख्रिस्ती झालेल्यांत दलित कुटुंबांची संख्या मोठी होती. रेव्हरंड ना. वा. टिळक किंवा पंडिता रमाबाई यांच्यासारखी ब्राह्मण घरातली माणसं थोडी होती, पण त्यांची नावं जास्त गाजली.

पुढे रेल्वे, कारखाने, रुग्णालयं आणि शाळांतल्या नोकऱ्यांनी ही कुटुंबं मुंबई-कल्याणकडे आली. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्येच पोहोचली होती. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि काडेपेटीचा मोठा कारखाना होता. घरं कल्याणच्या पुढे सरकत गेली, तशी माणसं आपली गाण्याची पुस्तकं आणि पवित्र शास्त्र घेऊन पुढे सरकली.

रविवारी नेमकं काय होतं?

भक्तीचा क्रम छापील असतो. सुरुवातीला गीत, मग पापांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून आपल्या चुकांची कबुली देणं. त्यानंतर जुन्या आणि नव्या करारातली वाचनं होतात. शुभवर्तमानाच्या वाचनाला सगळे उभे राहतात. पुढे उपदेश, मतांगीकार, आजारी आणि अडचणीतल्यांसाठी प्रार्थना, दानार्पण आणि शेवटी आशीर्वाद. वर्षाचे रंगही ठरलेले असतात. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात वेदीवर जांभळं कापड, नाताळ आणि ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला लाल आणि वर्षातल्या बहुतेक रविवारी हिरवं.

गाणी मुख्यतः 'उपासना संगीत' या संग्रहातली. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्ती गीतं लिहिली. ते अँग्लिकन नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. पण त्यांची गीतं पंथांच्या सीमा ओलांडून सगळ्याच मराठी मंडळ्यांत पोहोचली. त्याआधी बरीच गीतं इंग्रजीवरून भाषांतरित आणि परदेशी चालींवर बसवलेली असत. आज एकाच भक्तीत एक गाणं ऑर्गन किंवा कीबोर्डवर आणि दुसरं पेटी-तबल्यावर म्हटलं जाणं नेहमीचं आहे.

एक नियम, ज्यावर सगळं वेळापत्रक बेतलेलं असतं

या भक्तीचा कळस म्हणजे प्रभुभोजन, म्हणजेच पवित्र सहभागिता. येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. तो विधी बिशपांकडून दीक्षा मिळालेला आचार्यच करू शकतो. प्रार्थना चालवणं, शास्त्र वाचणं, इतकंच काय उपदेश करणंही नेमलेला सामान्य सभासद करू शकतो. प्रभुभोजन मात्र नाही.

लहान मंडळ्यांसाठी हा नियम फार महत्त्वाचा ठरतो. एका पाळकाकडे दोन-तीन मंडळ्या असतील तर प्रत्येक ठिकाणी दर रविवारी प्रभुभोजन शक्य नसतं. ज्या रविवारी पाळकसाहेब दुसरीकडे असतात, त्या रविवारी भक्ती सभासदच चालवतात. कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त रेल्वे कर्मचारी, कुणी कंपनीत शिफ्ट करणारा तरुण पुढे उभा राहतो.

कायद्यातही या दीक्षेचा उल्लेख आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न कोण लावू शकतं याच्या यादीत बिशपांकडून दीक्षा मिळालेल्या व्यक्तीला वेगळं स्थान आहे. म्हणूनच मंडळीची विवाह नोंदवही हे धार्मिक पुस्तक असतं, तसंच कायदेशीर दस्तऐवजही असतं. ती नीट ठेवली नाही तर पुढे पासपोर्ट किंवा वारसाहक्काच्या वेळी कुटुंबाची धावाधाव होते.

पैसा आणि निर्णय कुणाच्या हातात?

स्थानिक कारभार पास्टोरेट कमिटी पाहते. पाळक तिचे अध्यक्ष असतात. सचिव, खजिनदार आणि इतर सदस्य मंडळीतून निवडले जातात. मत देण्यासाठी नाव सभासदांच्या यादीत हवं आणि वर्गणी भरलेली हवी. वर्गणी, रविवारचं दान आणि वाढदिवस, नवी नोकरी, परीक्षेतलं यश अशा निमित्तांनी दिलेलं आभारदान हे उत्पन्नाचे मुख्य मार्ग. त्यातला वाटा धर्मप्रांताकडे जातो. पाळकांची नेमणूक आणि बदली धर्मप्रांत करतो. कमिटीच्या वर धर्मप्रांताची परिषद आणि त्याही वर दर तीन वर्षांनी भरणारी सिनड असते.

या रचनेचा फायदा असा की पाळक बदलले तरी चर्च कुणा एकाच्या मालकीचं होत नाही. तोटाही आहे. जमीन आणि इमारती बहुधा मोठ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर असतात आणि त्यावरून देशभर अनेक वाद न्यायालयात गेले आहेत. छत गळत असलं तरी मोठ्या दुरुस्तीसाठी वरची परवानगी लागते.

पगार नसलेली कामं

बाकीचं चर्च स्वयंसेवकांवर चालतं. शब्बाथ शाळेत मुलांना शिकवणं, वेदीचं कापड धुणं, फुलं लावणं, गायनवृंदाची तालीम घेणं, हिशेब लिहिणं. महिला मंडळाची घरोघरी प्रार्थना असते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभर पाळल्या जाणाऱ्या जागतिक प्रार्थना दिनाची तयारीही बहुधा त्याच करतात. डिसेंबरमध्ये तरुण संघ रात्री घरोघर जाऊन नाताळची गाणी म्हणतो. गुड फ्रायडेला दुपारी १२ ते ३ या वेळात येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं आणि ते सात उपदेश अनेकदा वेगवेगळे सभासद देतात.

सगळ्यात गंमतीचा दिवस कापणीच्या सणाचा. गावाकडे शेतातला पहिला माल आणण्याची ही रीत. शहरात शेत नाही, म्हणून लोक भाजी, फळं, लोणचं, केक, कधी कोंबडीही आणतात. भक्तीनंतर लिलाव होतो आणि एका नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते. ते पैसे मंडळीच्या कामी येतात.

सगळ्यात जड काम मृत्यूनंतरचं. दफनासाठी जागा देणं ही महापालिका किंवा नगरपरिषदेची जबाबदारी आहे, पण कागदपत्रं, पेटी, पाळकांना निरोप आणि शोकात असलेल्या घरी पुढचे काही दिवस डबा पोहोचवणं हे सगळं मंडळीच बघते.

एका कपाची गोष्ट

भक्तीनंतरचा चहा ही साधी गोष्ट वाटते. पण महाराष्ट्रात तिला इतिहास आहे. पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय हे अँग्लिकन चर्च १८८५ पासून उभं आहे. १८९० मध्ये या मिशनच्या आवारात झालेल्या कार्यक्रमात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर पाहुण्यांपुढे चहा आला. पाहुण्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ख्रिस्ती लोकांकडचा चहा घेतल्याबद्दल प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं.

ज्या समाजात चहाचा पेला असा वादाचा ठरत होता, तिथे प्रभुभोजनात सगळ्यांनी एकाच प्याल्यातून पिणं ही किती मोठी गोष्ट होती, हे यावरून लक्षात येतं. चर्चमधूनही जात पूर्णपणे गेली असं नाही, लग्नाच्या वेळी ती डोकं वर काढतेच. तरी दर वेळी त्याच प्याल्यापुढे सगळे रांगेत उभे राहतात.

पुढचा प्रश्न

छोट्या मंडळीची मोठी अडचण माणसांची आहे. मोठ्या मंडळीत एक खजिनदार गेला तर दुसरा मिळतो. काही डझन कुटुंबांच्या मंडळीत दोन घरं बदलापूरहून पुण्याला गेली की शब्बाथ शाळेची शिक्षिका आणि पेटीवादक एकदमच जातात. दुसरा प्रश्न भाषेचा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या अनेक मुलांना पवित्र शास्त्रातलं जुनं मराठी वाचायला जड जातं. काही मंडळ्या गीतांचे शब्द पडद्यावर दाखवतात, काही मुलांकडूनच वाचनं करून घेतात. रविवारच्या शिफ्ट आणि मेगाब्लॉक हा तिसरा.

बिशप, धर्मप्रांत आणि सिनड यांची रचना मंडळीला पाळक देते, नियम देते आणि सातत्य देते. पण पाळक दुसऱ्या गावी असतात त्या रविवारी दार उघडायला, पंखे लावायला आणि पहिलं गीत सुरू करायला मंडळीतलंच कुणीतरी वेळेवर यावं लागतं.