उलटं उडणारं हेलिकॉप्टर, थांबलेली पाती: रील खरं की खोटं? आणि असा फोटो चंद्रपूर-गडचिरोलीत काढायचा तर?

हे रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेलं असेल. रिमोटवर चालणारं हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर उंचीवर चक्क उलटं होऊन घिरट्या घालतंय आणि त्याची पाती मात्र जागची हलत नाहीत. खाली कमेंट ठरलेल्या: ‘फेक आहे’, ‘दोरीने बांधलंय’, आणि आता नव्याने ‘एआय आहे’.

बहुतेक वेळा ते रील खरं असतं. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. हेलिकॉप्टरची पाती मिनिटाला १८०० फेऱ्या घेत असतील, तर सेकंदाला होतात बरोबर ३०. म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वेळी पातं फिरून पुन्हा त्याच जागी आलेलं असतं. त्यात लख्ख ऊन असलं की मोबाइल आपोआप शटरचा वेग वाढवतो आणि पातं धारदार दिसतं. फिरणारी वस्तू थांबल्यासारखी वाटते ती अशी. पाती केळ्यासारखी वाकलेली दिसली तर तो मोबाइलच्या सेन्सरचा प्रताप. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो; वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो पातं पुढे सरकलेलं असतं.

मग उलटं उडणं? तेही खरंच. या मॉडेलमध्ये पात्यांचा कोन उणे बाजूलाही साधारण १२ अंशांपर्यंत वळवता येतो. हेलिकॉप्टर पालथं झालं की उडवणारा कोन उलटा करतो आणि हवा पुन्हा जमिनीकडेच ढकलली जाते. भारतीय हवाई दलाचं ‘सारंग’ पथक ध्रुव हेलिकॉप्टरवर थरारक कसरती करतं, पण पालथं होऊन एका जागी तरंगत राहणं हे मॉडेलचंच काम. या प्रकाराला ‘थ्री-डी फ्लाइंग’ म्हणतात.

फोटो खेळण्यासारखा का येतो?

नवीन फोटोग्राफर हमखास एक चूक करतात. वस्तू वेगात आहे म्हणून शटर १/२००० वर नेतात. फोटो स्वच्छ येतो, पण पाती गोठलेली, त्यामुळे हेलिकॉप्टर दोऱ्याला टांगल्यासारखं दिसतं. उडण्याचा पुरावाच पुसला जातो.

हिशोब सोपा आहे. मिनिटाला २००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे ३३. शटर १/२००० ला पातं जेमतेम ६ अंश फिरतं, १/१००० ला १२ अंश, १/२५० ला ४८ अंश. दोन पात्यांचं मॉडेल असेल तर १/६० ला पूर्ण चकती भरते. माझ्या मते सुरुवात १/२५० पासून करावी. पाती पंख्यासारखी पसरतात आणि हेलिकॉप्टरचं अंग स्पष्ट राहण्याची शक्यताही बरी असते. खऱ्या हेलिकॉप्टरची पाती साधारण ३००-४०० फेऱ्याच घेतात, म्हणून एअर शोमध्ये शिकलेले आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

अडचण अशी की मॉडेल स्वतः पिसाटासारखं गिरक्या घेतं. म्हणून कसरत ओळखता आली पाहिजे. ‘टिक-टॉक’ नावाच्या कसरतीत (त्या बंद पडलेल्या अॅपशी काही संबंध नाही) ते कडेवर उभं राहून लंबकासारखं डोलतं. प्रत्येक झोक्याच्या टोकाला, दिशा बदलताना, ते क्षणभर जवळजवळ स्थिर असतं. बटण तिथे दाबायचं. उडवणाऱ्याशी आधी बोलून कसरतींचा क्रम विचारून घेतलात तर निम्मं काम होतं. बाकी बर्स्ट मोड, सतत फोकस, आणि शंभर फोटोंतले नव्वद डिलीट करण्याची तयारी.

‘जरा जवळून घे ना’ हे वाक्य नको

दीड मीटर व्यासाच्या रोटरमध्ये पात्याचं टोक ताशी ५६० किलोमीटरच्या आसपास फिरतं. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला होता. तो नवशिका नव्हता.

फोटोग्राफरने उभं राहायचं ते उडवणाऱ्याच्या मागे. त्याच्या आणि हेलिकॉप्टरच्या मध्ये कधीच नाही. जवळ जायची गरजही नसते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३०० मिमीची लेन्स २५ मीटरवर सुमारे ३ मीटर रुंदीची चौकट देते. दीड मीटरचं मॉडेल त्यात निम्मी जागा भरतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत कुठे आणि कधी?

मे महिन्यात नकोच. चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांब लेन्समधला फोटो कितीही महागडा कॅमेरा असला तरी मऊ येतो. धान कापून झाल्यावर डिसेंबर-जानेवारीत रिकाम्या बांध्या मिळतात. सपाट, मोकळ्या, मागे झाडांची गडद रेघ. मात्र मालकाला विचारूनच. वरून रिकाम्या दिसणाऱ्या बांधीत लाखोळी किंवा जवस पेरलेला असू शकतो.

आता खरी गोष्ट. फोटोग्राफीची पुस्तकं सांगतात: पहाटेचा किंवा मावळतीचा सोनेरी प्रकाश पकडा, जमिनीलगत बसा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात हा सल्ला जिवावर बेतू शकतो. याच वेळा वाघाच्या वावराच्या, आणि वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या ३ महिला वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. त्यांना पोटासाठी जावं लागतं. आपल्याला फोटोसाठी जावं लागत नाही. जंगलाला लागून असलेल्या शेतात सकाळी ऊन चांगलं वर आल्यावरच जा, उभ्यानेच फोटो काढा, आणि एकाने फक्त झुडपांकडे लक्ष ठेवायचं हे आधी ठरवा. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की मागचं काहीच दिसत नाही.

कायद्याच्या नजरेत हे मॉडेलही ड्रोनच्याच नियमात येतं. ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, हौसेसाठी आणि नजरेच्या टप्प्यातच उडवल्या जाणाऱ्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. पण लाल, पिवळा, हिरवा हे हवाई विभाग त्यांनाही लागू होतात. जागा आधी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहा. ताडोबात किंवा कुठल्याही अभयारण्यात उडवायचा विचारही नको. गडचिरोलीत आकाशातली घरघर हा गमतीचा विषय नाही. तिथे निवडणुकीत मतदान पथकं हेलिकॉप्टरने जातात आणि पोलीस ड्रोनने जंगलावर नजर ठेवतात. स्थानिक ठाण्यात आधी सांगून ठेवा. गावच्या पोलीस पाटलांनाही.

आणि मॉडेल भरकटून जंगलात पडलं तर? पन्नास हजारांचं असो की लाखाचं, मागे धावू नका. वनरक्षकाला लगेच फोन करा. घाई मॉडेलसाठी नसून बॅटरीसाठी करायची असते. आपटलेली लिथियम बॅटरी काही मिनिटांनीही पेट घेऊ शकते आणि फेब्रुवारीनंतर तिथे खाली सगळा वाळका पाचोळाच असतो.