मार्ग कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्यात लोहमार्ग आढळतो तो केवळ उत्तर भागात. १८६७ साली नागपुरास पोहोचलेला मुंबईचा लोहमार्ग पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून, मलकापूर-शेगाववरून गेला. १८७० साली खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबहून शाखाही निघाली. घाटावरील लोणार तालुक्यातले सुलतानपूर मात्र रेल्वेवाचून राहिले. अशा गावांना आधार झाला तो एस.टी.चा. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर आरंभ झालेल्या या सेवेस स्वतःची वाट लागत नव्हती. बैलगाडीच्याच सडकेवरून ती धावू शकत होती. सर्वांच्या वाटेने जाणे हेच तिचे सामर्थ्य होय.

मोकळ्या सडकेवरील हे सामर्थ्य गजबजलेल्या नगरात दौर्बल्य ठरते. म्हणूनच ब्राझीलमधील कुरितिबा नगराने १९७४ साली बसकरिता स्वतंत्र मार्ग राखले. पुण्यानेही २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर तोच प्रयोग केला. परंतु राखीव मार्गिकेत इतर वाहने शिरत राहिली आणि बस पुन्हा गर्दीत सापडली. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या रुळांवर मात्र मोटार चढूच शकत नाही.

तात्पर्य, रूळ श्रेष्ठ की चाक, हा मूळ प्रश्न नव्हे. लोहमार्गाचे रक्षण त्याची रचनाच करते. बसमार्गाचे रक्षण प्रशासनास नित्य करावे लागते. अल्प खर्चाचा मार्ग पत्करून नगराने हे कर्तव्य टाळले, तर वाचलेल्या पैशाची किंमत बसमधील उतारू आपल्या वेळाने चुकवितो.