वर्दी वेळेवर पोचली पाहिजे



सुरतेच्या वरच्या अंगाला, तापीच्या काठी, कामरेज हे गाव आहे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोवर कामरेज हा गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील एक तालुका होता. परंतु मराठी मुलखाशी त्याचे नाते केवळ राज्यकर्त्यांमुळे जडलेले नाही. ते नदीनेही जोडले आहे. तापीची लांबी ७२४ किलोमीटर. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर, आणि त्यांपैकी ५१ हजारांहून अधिक महाराष्ट्रात मोडते. वऱ्हाडातील पूर्णा, खानदेशातील गिरणा आणि पांझरा, या साऱ्यांचे पाणी अखेर कामरेजवरूनच समुद्राकडे जाते. म्हणून तेथे स्वच्छ ऊन पडलेले असतानाही नदीला पूर येऊ शकतो. अशा गावाला स्वतःच्या आकाशाकडे पाहून भागत नाही. दूरची वर्दी यावी लागते.

आज हीच स्थिती एका निराळ्या क्षेत्रातील माणसाची झाली आहे. पेढ्यांचे हिशेब, रुग्णालयांची कागदपत्रे, शाळांच्या नोंदी पूर्वी आपापल्या कपाटात असत. आता त्या पुष्कळदा भाड्याने घेतलेल्या संगणकांवर असतात. या व्यवस्थेला 'क्लाउड' म्हणतात. नाव ढगाचे असले, तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. ॲमेझॉन कंपनीने २०१६ साली मुंबईत आपली अशी केंद्रे सुरू केली. ज्याची पेढी असते, त्याला हा संगणक, म्हणजे सर्व्हर, डोळ्यांनी कधी दिसत नाही. त्यावर काम किती साचले आहे, हे कोणी सांगितल्यावाचून त्याला कळत नाही. हे सांगण्याचे काम यंत्राकडूनच, आपोआप, ई-मेलने करून घेण्याची जी रीत आहे, तिचा इतिहास बोधप्रद आहे.

गंमत अशी की, भार मोजण्याची एक प्रसिद्ध पद्धत आणि निरोप पाठविण्याचे साधन, ही दोन्ही एकाच घरची. अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत 'टेनेक्स' नावाची संगणकप्रणाली तयार झाली होती. १९७१ साली तेथील रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडून दाखविला. आजच्या ई-मेलचा तो आरंभ. १९७३ साली याच प्रणालीवरील भाराची सरासरी कशी मोजतात, याचे टिपण प्रसिद्ध झाले. कल्पना सोपी आहे. यंत्रापुढे किती कामे आहेत, चालू किती आणि रांगेत तिष्ठत किती, हे मोजावयाचे, आणि त्याची एका मिनिटाची, पाच मिनिटांची आणि पंधरा मिनिटांची सरासरी काढावयाची. पुढे युनिक्स प्रणालीनेही हीच रीत उचलली.

परंतु मोजणे निराळे आणि कळविणे निराळे. दीर्घकाळ यंत्रापुढे बसलेला मनुष्य आकडे पाही आणि काय ते ठरवी. १९९५ च्या सुमारास टोबियास ओटिकर यांनी जाळ्यावरील वाहतुकीचा आलेख आपोआप काढणारी आज्ञावली केली. १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅड यांची 'नेटसेंट' आली, तीच पुढे 'नॅगिऑस' या नावाने जगभर पसरली. ती ठराविक वेळाने यंत्राची विचारपूस करी आणि बिघाड दिसताच जबाबदार माणसाला पत्र धाडी. २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या भाडेकरूंसाठी 'क्लाउडवॉच' ही सोय काढली. तेव्हापासून लहान पेढीलाही असा पहारेकरी ठेवणे सहज शक्य झाले.

या पहारेकऱ्याला मुख्यतः चार गोष्टी सांगाव्या लागतात: काय मोजावयाचे, कोणत्या मर्यादेवर हाक मारावयाची, ती मर्यादा किती वेळ ओलांडलेली असावी, आणि हाक कोणास द्यावयाची. उदाहरणार्थ, प्रोसेसर सलग पाच मिनिटे ८० टक्क्यांच्या वर राहिला, तर अमुक दोघांना ई-मेल जावी. पाच मिनिटांची अट अशासाठी की, क्षणभर उसळून खाली बसणाऱ्या भारासाठी कोणाची झोप मोडू नये. रोज विनाकारण येणारी पत्रे मनुष्य चार दिवसांनी उघडीनासा होतो, आणि नेमके खरे पत्र त्यांत बुडून जाते.

मर्यादा ठरविण्याचे मर्म मात्र नदीकाठी अधिक स्पष्ट कळते. आपल्या देशात पुराचा शास्त्रीय अंदाज कळविण्याचे काम १९५८ साली दिल्लीस यमुनेवर सुरू झाले, आणि पुढे इतर नद्यांबरोबर तापीवरही आले. नदीच्या मोजपट्टीवर दोन खुणा असतात: इशारा पातळी आणि धोका पातळी. पहिली खूण सावध होण्याची, दुसरी संकटाची. या दोहोंमधील अंतर म्हणजेच माणसाला हालचालीसाठी मिळालेला अवधी होय.

हा अवधी अपुरा पडला तर काय होते, ते तापीकाठाने २००६ च्या ऑगस्टमध्ये पाहिले. कामरेजच्या वरच्या बाजूस १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण आहे. त्यात आधीच पुष्कळ पाणी होते, त्यात वरच्या खोऱ्यातून प्रचंड ओघ आला, आणि विसर्ग सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत न्यावा लागला. सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी आधीच सोडावयास हवे होते काय, यावर पुढे बराच वाद झाला. तो वाद मोजपट्टी होती की नव्हती याविषयीचा नव्हता. कोणत्या आकड्याला आणि केव्हा हात हलवावयाचा, याविषयीचा होता. सर्व्हरचेही तसेच आहे. नवा सर्व्हर जोडावयास वीस मिनिटे लागत असतील, तर त्या वीस मिनिटांत भार किती चढेल याचा हिशेब करून मर्यादा तितकी खाली आणावी लागते. ९९ टक्क्यांवर आलेली वर्दी ही वर्दी नव्हे, ती दुर्घटनेची बातमी होय.

आणखी एक पथ्य आहे. पुरात गावची वीज जाते. म्हणून पुराची हाक त्याच विजेवर अवलंबून ठेवून चालत नाही. त्याचप्रमाणे ज्या सर्व्हरवर भार आहे, त्याच्याचकडे पत्र धाडण्याचे काम देऊ नये. तो कोसळला तर त्याच्याबरोबर त्याची हाकही बुडते. पहारेकरी दुसऱ्या यंत्रावर असावा, आणि पहिल्याकडून ठरल्या वेळी खुशाली आली नाही, तर त्या मौनालाच त्याने इशारा समजावे.

एवढे सारे करूनही एक गोष्ट यंत्राच्या हाती नाही. पत्र जाईल, परंतु ते वाचून उठणारा मनुष्य आधी नेमलेला असला पाहिजे. आणि तो रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हेही लिहून ठेवलेले असले पाहिजे. तापीचे पाणी चढले, तर कामरेजच्या माणसाला गुरे कोठे हलवावयाची आणि म्हाताऱ्यांना कोणाकडे पोचवावयाचे, हे वर्दी येण्याच्या आधीच ठाऊक असावे लागते. वर्दीची व्यवस्था करणाऱ्याने आपले निम्मे कष्ट या उत्तरावर खर्च करावेत, हे बरे.