डाल्टन यांचा डोळा आणि आईकडून आलेले गुणसूत्र

२८ जुलै १८४४, मँचेस्टर. अणुसिद्धान्तामुळे जगभर ख्यातकीर्त झालेले जॉन डाल्टन आदल्याच दिवशी निवर्तले होते. त्यांच्या इच्छेनुसार जोसेफ रॅन्सम या वैद्याने त्यांचे डोळे काढले आणि एका डोळ्यातील द्रव काचेच्या वाटीत ओतून उजेडात धरला. डाल्टन यांनी पन्नास वर्षांपूर्वी दिलेल्या एका उत्तराची ती परीक्षा होती.

रंगांधत्व पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वाटेने येते, याच्या शोधाचा हा थ्रेड.

१७९२ साली डाल्टन यांनी मेणबत्तीच्या उजेडात जिरेनियमचे फूल पाहिले. इतरांना गुलाबी दिसणारे ते फूल दिवसा त्यांना आकाशी दिसे. मेणबत्तीपाशी मात्र निळ्याचा मागमूस उरला नाही, ते तांबडे भासू लागले. मित्रांना विचारले, तर त्यांना फारसा फरक जाणवेना. अपवाद एकच, डाल्टन यांचा सख्खा भाऊ. त्यालाही अगदी तसेच दिसत होते.

३१ ऑक्टोबर १७९४ रोजी मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे त्यांनी या विषयावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा आणि तो तांबडा प्रकाश शोषून घेत असावा, असा त्यांचा तर्क होता.

तर्कापेक्षा त्यांची निरीक्षणे अधिक मोलाची ठरली. पंचवीस विद्यार्थ्यांच्या एका वर्गात त्यांना आपल्यासारखे दोघे आढळले. एका कुटुंबातील सहा भावांपैकी चौघे तसेच होते. या लोकांच्या आईवडिलांत किंवा मुलांत मात्र हा दोष सहसा दिसत नव्हता, आणि स्त्री तर एकही ऐकिवात नव्हती. कोड्याचे सारे तुकडे टेबलावर होते. ते जुळवायला लागणारे ज्ञान त्या शतकाजवळ नव्हते.

रॅन्सम यांना द्रव स्वच्छ, पारदर्शक दिसला. दुसऱ्या डोळ्याला मागून छिद्र पाडून त्यांनी आरपार पाहिले. तांबडा आणि हिरवा रंग जसेच्या तसे दिसले. डाल्टन यांचा तर्क पडला. डोळे मात्र मंडळाने जपून ठेवले.

आनुवंशिकतेचा नियम आधी दवाखान्यांत स्पष्ट झाला. झुरिकचे नेत्रवैद्य योहान फ्रीडरिश होर्नर यांनी १८७६ मध्ये दाखवले की रंगांध पुरुषाच्या मुलींची दृष्टी निकोप असते, पण त्या मुलींच्या मुलांत दोष पुन्हा उगवतो. म्हणजे आजोबांकडून नातवाकडे, मधल्या आईला स्पर्शही न करता. रक्तस्रावाच्या विकाराबाबत फिलाडेल्फियाचे वैद्य जॉन ऑटो यांनी १८०३ मध्येच असा क्रम नोंदवला होता. कारण मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

ते सापडले एका माशीत. १९१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॉमस हंट मॉर्गन यांना फळमाशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर मिळाला. त्याच्या पुढच्या पिढ्या मोजताना तो गुण लिंगाशी बांधलेला निघाला. लगेच १९११ मध्ये एडमंड विल्सन यांनी मानवी रंगांधत्वही एक्स गुणसूत्राशी जोडले.

मर्म साधे आहे. स्त्रीला दोन एक्स असतात, पुरुषाला एक एक्स व एक वाय. मुलगा बापाकडून वाय घेतो. त्याचा एक्स केवळ आईकडूनच येतो. त्यावरचे जनुक सदोष असेल, तर उणीव भरून काढायला दुसरी प्रत नसते. मुलीजवळ ती बहुधा असते, म्हणून ती स्वतः रंग नीट ओळखते. अशा वाहक आईच्या प्रत्येक मुलाला दोष येण्याची शक्यता निम्मी. रंगांध बाप आपल्या मुलाला हा दोष देऊच शकत नाही. त्याच्या सर्व मुली मात्र वाहक होतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याचे रंगांधत्व शंभरात सुमारे आठ जणांत, तर स्त्रियांत हजारात जेमतेम चार-पाच जणींत आढळते, ते यामुळेच.

१९८६ मध्ये जेरेमी नेथन्स व सहकाऱ्यांनी ही जनुके ओळखली. लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या रंगद्रव्यांची जनुके एक्सवर शेजारीशेजारी असतात, आणि इतकी सारखी की बीजपेशी तयार होताना त्यांची जुळणी घसरते. एखाद्या गुणसूत्रातून एक जनुक गळूनच जाते.

मग कोणाला तरी ते जपलेले डोळे आठवले. १९९५ मध्ये त्यांतील डीएनए तपासला गेला. टॉमस यंग यांनी १८०७ मध्ये डाल्टन यांच्या डोळ्यांत लाल रंगाची संवेदना नसावी असे म्हटले होते. तेही चुकले होते. डाल्टन यांच्यात हिरव्याचे जनुक नव्हते.

दोन्ही भाऊ रंगांध, म्हणजे ते गुणसूत्र त्यांना आईकडून, डेबोरा यांच्याकडून आले. त्यांची स्वतःची दृष्टी निकोप होती. आईवडिलांत दोष शोधणाऱ्या मुलाला तो दिसणारच नव्हता. डाल्टन आजन्म अविवाहित राहिले, त्यामुळे त्यांच्यापाशी आलेले ते एक्स गुणसूत्र पुढे कोणाला गेले नाही. ते उरले फक्त मँचेस्टरमध्ये जपून ठेवलेल्या त्या डोळ्यांत.