उष्ण हवामानातील सेंद्रिय परसबाग

रासायनिक खते व कृत्रिम कीटकनाशके न वापरता घराच्या आवारात, गच्चीवर किंवा वसाहतीच्या मोकळ्या जागेत केलेल्या लागवडीस सेंद्रिय परसबाग असे म्हणतात. महाराष्ट्र व गोव्यासारख्या मोसमी पावसाच्या उष्ण प्रदेशात अशा बागेचे तंत्र समशीतोष्ण प्रदेशातील तंत्राहून बरेच वेगळे आहे. बागकामावरील पुष्कळ पुस्तके युरोपीय हवामान गृहीत धरून लिहिलेली असल्याने माती खणून उघडी ठेवणे, दिवसभर ऊन मिळेल अशी जागा शोधणे, हिरवळ राखणे या सवयी येथेही रुजल्या. मार्च ते मे या काळात यांतील प्रत्येक सवयीची किंमत पाण्याच्या रूपाने मोजावी लागते.

माती आणि आच्छादन

उन्हाळ्यात उघड्या जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. त्यामुळे वरच्या थरातील बारीक मुळे करपतात आणि गांडुळे खोल निघून जातात. पुरेशी ओल असल्यास तापमान १० अंशांनी वाढले की सेंद्रिय पदार्थांच्या विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड प्रदेशात दीर्घकाळ टिकणारे शेणखत येथे म्हणूनच लवकर संपते. ते एकदम भरपूर घालण्यापेक्षा थोडे थोडे, वारंवार घालणे अधिक उपयोगी ठरते.

यावरील मुख्य उपाय म्हणजे आच्छादन. पालापाचोळा, उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा नारळाची सोडणे यांचा ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर मातीवर पसरतात. थराखालची माती थंड व ओलसर राहते, तण कमी उगवते आणि थर कुजून त्याचेच खत होते. दख्खनच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगाही त्यामुळे कमी होतात. वाळवीचा उपद्रव असल्यास थर खोडापासून वीतभर दूर ठेवतात, तर पावसाळ्यात गोगलगायी व बुरशी टाळण्यासाठी तो पातळ करतात. कोकण व गोव्यातील जांभ्याच्या मातीत पाणी झपाट्याने झिरपते आणि ती आम्लधर्मी असते. तेथे चुलीची राख थोड्या प्रमाणात चालते. तीच राख बहुधा विम्लधर्मी असणाऱ्या काळ्या मातीत घालणे मात्र हितावह नाही.

आच्छादनासाठी लागणारा पाला फेब्रुवारी-मार्चमधील पानगळीत विनामूल्य मिळतो आणि नेमका तेव्हाच तो झाडून जाळला जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून दंड ठरवून दिला. तरीही ही पद्धत पूर्णपणे थांबलेली नाही.

कंपोस्ट

भारतातील कंपोस्टच्या आधुनिक अभ्यासात इंदूरला विशेष स्थान आहे. तेथे १९२४ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि गोठ्यातील मूत्रमिश्रित माती यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसवली. त्यांचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर परिचित झाली. हॉवर्ड यांनी स्थानिक शेतकऱ्यांकडून बरेच शिकल्याचे मान्य केले होते. या पद्धतीत मिश्रण ठरावीक अंतराने तीनदा पालटतात व सुमारे ३ महिन्यांत खत तयार होते. कोरड्या हंगामात ओल टिकावी म्हणून उथळ खड्डा आणि पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून जमिनीवर ढीग, हा तिचा नियम घरगुती बागेलाही लागू पडतो. ढिगावर सावली असावी.

पाणी

जमिनीतून व पानांतून दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडून जात असेल, तर १०० चौरस मीटर हिरवळीला रोज सुमारे ६०० लिटर पाणी लागते. टँकरवर अवलंबून असलेल्या वसाहतींतही अशा हिरवळी दिसतात, हे विशेष.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर, रोज शिंपडण्याऐवजी काही दिवसांनी पण खोलवर मुरेल असे देतात. झाडाभोवतीचे आळे पानांच्या घेराखाली असावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे खोडाला लागून फारशी नसतात. मडका सिंचनात बिनझिलईचे मडके तोंडापर्यंत पुरून भरून ठेवतात. त्यातून पाणी झिरपत राहते. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात या रीतीचे वर्णन आढळते. मोरीचे पाणी केळ, अळू व कर्दळीकडे वळवण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे, परंतु कपडे धुण्याच्या आजच्या पावडरीतील क्षार मातीत साठत असल्याने हे पाणी विचारपूर्वक वापरावे लागते.

हंगाम व सावली

भेंडी, गवार, चवळी, दुधी व लाल माठ ही पिके उन्हाळा सोसतात. मेथी व पालक उष्णतेने लवकर फुलावर येतात, तर तापमान ३५ अंशांपुढे गेल्यास टोमॅटोची फुले गळतात. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन सर्वांत त्रासदायक असते. ते अडवण्यासाठी शेवगा किंवा पपई लावतात अथवा जाळी बांधतात.

गच्चीवर वजनाचा प्रश्न येतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टन किंवा अधिक भरत असल्याने २० सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरवर ३०० किलो भार टाकतो. म्हणून पाला, पाचट व काथ्याचा भुसा यांचे हलके मिश्रण वापरतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तेथील ओल्या कचऱ्यातूनच बाग उभी राहिली. हे या प्रकाराचे सुपरिचित उदाहरण होय.

झाडांची निवड व कीड

शोभेसाठी आणलेली झाडे कधीकधी बागेबाहेर पसरतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलेली घाणेरी आज देशभरातील जंगलांत माजली आहे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. आवारासाठी बहावा, करंज, ताम्हण, तसेच कुंपणाला अडुळसा व निर्गुंडी ही येथील झाडे योग्य ठरतात.

किडीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात. त्यातील क्रियाशील घटक उन्हाने नष्ट होत असल्याने फवारणी संध्याकाळी करतात. मात्र प्रत्येक अळी मारण्याजोगी नसते. नीलवंत या महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात आणि लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. मोठे झाड हे नुकसान सहज सोसते.

शिक्षण

कृषी विद्यापीठांची प्रकाशने उपलब्ध असली, तरी परसबागेचे शिक्षण मुख्यत्वे प्रयोगांतून होते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीद्वारे शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करून निष्कर्ष एकमेकांना कळवण्यास प्रवृत्त केले. त्यांचे ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे पुस्तक प्रसिद्ध आहे. नवशिक्या बागप्रेमींना पहिले वर्षभर ऊन-सावलीची व पाण्याची नोंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. उत्तरायण व दक्षिणायनात भिंतीची सावली जागा बदलते, आणि डिसेंबरात उन्हात असलेला वाफा मे महिन्यात सावलीत किंवा नेमका उलट असू शकतो.